साथीचा काळ आणि नेहमीचे औषधपाणी

साथरोगाच्या काळात आरोग्यव्यवस्थेवर दोन कामे एकदम येऊन पडतात. साथ आवरायची असते, आणि साथ आली नसती तरी ज्यांना दवाखान्याची गरज होतीच, त्यांना वाऱ्यावर सोडून चालत नाही. मधुमेह, रक्तदाब, क्षय, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग, मनाचे आजार, बाळंतपणे, लहान मुलांच्या लसी यांतले काहीच साथीसाठी थांबत नाही. पहिल्या कामाचा आकडा रोज संध्याकाळी जाहीर होतो. दुसऱ्या कामात जे राहून गेले ते काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी समोर येते, आणि तोवर ते साथीच्या खात्यावर मांडायचे कोणाच्या लक्षात राहत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात 2020 आणि 2021 या दोन वर्षांत हा पेच ठळकपणे दिसला. छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचे सीपीआर, हा बारा तालुक्यांतल्या गरिबांचा शेवटचा आधार. कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडीकडचे रुग्णही तिथे येतात. 2020 मध्ये तेच कोविड रुग्णालय झाले. इचलकरंजीचे इंदिरा गांधी रुग्णालय आणि गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालयही त्याच कामाला लागले. सरकारी उपचारांची जिल्ह्यातली तीन मोठी ठिकाणे अशा रीतीने एका आजारासाठी राखली गेली.

या निर्णयाकडे पाहण्याच्या दोन बाजू आहेत. त्या पुढे दोघांच्या तोंडी मांडल्या आहेत. एक आहेत निवृत्त तालुका आरोग्य अधिकारी, दुसऱ्या डोंगरी भागातल्या उपकेंद्रावर वर्षानुवर्षे काम केलेल्या आरोग्यसेविका. या विशिष्ट व्यक्ती नाहीत. एकाच खात्यात राहून दोन ठिकाणांहून साथ पाहिलेल्या माणसांचे ते प्रतिनिधी आहेत.

अधिकारी: सिस्टर, आज बोलणं सोपं आहे. मार्च 2020 मध्ये आमच्या हातात होतं काय? लस नाही, खात्रीचं औषध नाही. घशातले नमुने आधी पुण्याला आणि मग मिरजेला पाठवायचे आणि अहवालाची वाट बघत बसायचं. तापाचा रुग्ण आणि ओली बाळंतीण एका इमारतीत ठेवली असती तर रोग आम्हीच वाटला असता. ऑक्सिजनची पाइपलाइन, व्हेंटिलेटर, शिकलेली माणसं एका जागी आणल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं.

सेविका: वेगळं रुग्णालय नको, असं मी कुठं म्हणते साहेब? तिथून ज्यांना हलवलं त्यांनी जायचं कुठं, हे कुणी सांगितलं का, एवढंच माझं विचारणं आहे. सीपीआरच्या केसपेपरवर वर्षभर गोळ्या नेणाऱ्या माणसाला एका दिवसात 'इथं आता फक्त कोविड' असं सांगितलं. तो घरी गेला आणि गोळ्या संपल्या तसा गप्प बसला.

अधिकारी: महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना मे 2020 मध्ये राज्यातल्या सगळ्यांसाठी खुली केली. पिवळं, केशरी, पांढरं असं रेशनकार्ड बघायचं नाही म्हटलं. खासगी रुग्णालयात पैसे न भरता उपचाराची सोय होती.

सेविका: होती, पण दाखल होणाऱ्यासाठी. रक्तदाबाची महिन्याची गोळी त्या योजनेत कुठं बसते? आणि गगनबावड्याहून कोल्हापूर पंचावन्न किलोमीटर. एसटी बंद, वडाप बंद. दाखल व्हायचं म्हटलं तरी पोचायचं कसं?

सेविकेच्या या प्रश्नात जीवनमानाचा मुद्दाही येतो. जागतिक आरोग्य संघटनेने जीवनमान मोजण्यासाठी 26 प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आहे. शरीर, मन, नातेसंबंध आणि भोवताल अशा चार अंगांनी ती माणसाला त्याच्या जगण्याविषयी विचारते. झोप कशी लागते, गरजेपुरता पैसा आहे का, विरंगुळ्याला वाव मिळतो का, हे प्रश्न त्यात आहेतच. शिवाय आरोग्यसेवा हाताशी आहे का आणि जाण्यायेण्याची सोय कशी आहे, असे दोन स्वतंत्र प्रश्नही आहेत. दवाखाना उघडा असूनही तिथवर जाता येत नसेल तर जीवनमान खालावते, हे या मोजमापातच गृहीत धरलेले आहे.

कोल्हापूरला साथीचा जुना अनुभव आहे आणि दोन्ही बाजू त्याचाच दाखला देतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेग आला तेव्हा राजर्षी शाहू महाराजांची कारकीर्द सुरू होऊन थोडीच वर्षे झाली होती. त्याच सुमारास, 1896-97 मध्ये, दुष्काळही होता. पुण्यात प्लेगची झडती आणि सक्ती लोकांना इतकी जाचली की जून 1897 मध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. कोल्हापुरात लोकांना शहराबाहेर मोकळ्या जागेत हलवण्यावर भर होता.

अधिकारी: महाराजांनीसुद्धा आधी गाव रिकामं केलं. माणसं वेगळी केल्याशिवाय साथ हटत नाही, हे त्यांना कळलं होतं. त्या दिवसांत कोणी बाकीच्या आजारांचा हिशेब मांडत बसलं नव्हतं.

सेविका: आणि त्याच महाराजांनी दुष्काळात स्वस्त धान्याची दुकानं काढली. माणूस घराबाहेर काढला तर त्याच्या पोटाचं बघायला पाहिजे, हेही त्यांना कळलं होतं. आपण माणसं घरात बसवली, पण त्यांच्या गोळ्यांचं दुकान त्यांच्या दारात किती उशिरा नेलं?

इथे सेविकेची बाजू भक्कम आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल 2020 मध्येच अत्यावश्यक सेवा चालू ठेवण्याविषयी सूचना काढल्या होत्या. रक्तदाब, मधुमेह, जुना दमा आणि मनाच्या आजारांच्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम द्याव्यात आणि त्या आशा किंवा उपकेंद्रामार्फत पोचवाव्यात, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. दूरध्वनीवरून सल्ला देण्याचे नियमही टाळेबंदी लागू झाली त्याच दिवशी, 25 मार्च 2020 रोजी आले, आणि ई-संजीवनीची घरबसल्या बाह्यरुग्ण सेवा एप्रिलमध्ये सुरू झाली. मार्ग ठाऊक होता. मात्र त्यावरून चालायला माणसे लागतात. ती माणसे तपासणी नाक्यांवर, विलगीकरण केंद्रांत आणि घरोघरच्या सर्वेक्षणात गुंतलेली होती.

अधिकारी: तेच तर म्हणतो मी. माझ्याकडच्या सेविका आणि आशा मी सर्वेक्षणाला लावल्या नसत्या तर बाहेरून आलेली माणसं शोधणार कोण? सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली. घरटी जायचं, ताप बघायचा, ऑक्सिजन बघायचा.

सेविका: मी त्या मोहिमेत होते साहेब. घरात गेलं की बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, ताप बघायचा, फॉर्म भरायचा. फॉर्ममध्ये मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का असा रकाना होता. म्हातारी म्हणायची, आहे की बाई, पण गोळी टाळेबंदीपासून नाही. तिच्या नावापुढं मी 'आहे' लिहायचे आणि पुढच्या घरी जायचे. पिशवीत गोळ्या असत्या तर तिथल्या तिथं दिल्या असत्या. एका फेरीत दोन्ही कामं झाली असती.

सेविकेचा हा मुद्दा व्यवस्थेच्या रचनेचा आहे, दयेचा नाही. घरोघरी जाणारे पाऊल सर्वांत महाग असते. ते एकदा उचलले की त्याच्याबरोबर औषध जाणे जवळपास फुकटात होते.

खंड पडल्याचे परिणाम सगळ्या आजारांत सारखे नसतात. डायलिसिसच्या रुग्णाला सवड सर्वांत कमी असते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला सहसा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्रावर राहावे लागते. लघवी जवळजवळ होत नसल्याने पोटात गेलेले पाणी अंगातच साठते. दोन फेऱ्यांच्या मध्ये वजन किती वाढले ते किलोत मोजतात आणि तेवढे पाणी पुढच्या फेरीत काढतात. एक फेरी चुकली की पायावर सूज येते, आडवे झाले की धाप लागते, रक्तातले पोटॅशियम चढते. ते फार चढले तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि माणूस क्षणात जातो. साथीच्या काळात अनेक ठिकाणी डायलिसिसआधी कोविडचा अहवाल मागितला जाई. अहवाल यायला दोन दिवस लागले तर तेवढ्यात फुप्फुसात पाणी भरायचे, आणि मग धाप लागली म्हणून त्याच रुग्णाकडे कोविडचा संशयित म्हणून पाहिले जायचे. नातेवाईक पोलिसांचा पास, भाड्याची गाडी आणि अहवालाचा कागद गोळा करत फिरत असताना रुग्णाचे वजन वाढतच असे.

अधिकारी: डायलिसिसचं मान्य आहे. ते बंद ठेवायला कोणीच सांगितलं नव्हतं. पण मधुमेहाची गोळी आठ दिवस चुकली तर आभाळ कोसळत नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजन संपायला आला होता. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीवाल्यांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवावा लागला. रात्री टँकर कुठपर्यंत आलाय ते विचारत आम्ही फोनवर बसायचो. तशा रात्री कोणी मला शुगरच्या गोळ्यांबद्दल विचारलं असतं तर मी फोन ठेवला असता.

सेविका: ठेवला असता, आणि ते मी समजून घेतलं असतं. पण साहेब, त्या ऑक्सिजनवर होतं कोण? त्यातली कितीतरी माणसं शुगरचीच ना?

संवादातला कळीचा मुद्दा हाच आहे. आटोक्यात नसलेला मधुमेह असेल तर कोविड गंभीर होण्याचा धोका वाढतो, हे पहिल्या लाटेतच जगभर स्पष्ट झाले होते. गंभीर कोविडवर स्टिरॉइड उपयोगी पडते आणि स्टिरॉइडने साखर आणखी चढते. 2021 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे बुरशीच्या संसर्गाचे रुग्ण झपाट्याने वाढले. त्यांच्यात अनियंत्रित साखर असलेले आणि स्टिरॉइड घेतलेले रुग्ण मोठ्या संख्येने होते. बुरशी नाकातून डोळ्याकडे आणि मेंदूकडे सरकते. कित्येकांचा डोळा किंवा वरचा जबडा काढावा लागला, आणि त्यावरचे ॲम्फोटेरिसिन-बी हे इंजेक्शन मिळता मिळत नव्हते. वर्षभर मधुमेहींची साखर तपासली गेली असती आणि गोळ्या चुकल्या नसत्या, तर ऑक्सिजनच्या रांगेतली काही माणसे रांगेत आलीच नसती. म्हणून नेहमीचे औषधपाणी हा साथ आवरण्याचाच भाग ठरतो. अधिकाऱ्यांची बाजू त्याला दुय्यम मानते, आणि तिथेच ती कमी पडते.

क्षयरोगात हेच चित्र देशभरच्या आकड्यांत दिसते. भारतात 2019 मध्ये क्षयाचे 24.04 लाख रुग्ण नोंदले गेले. 2020 मध्ये ही नोंद 18.05 लाखांवर आली. रुग्ण कमी झाले नव्हते. ते खोकला लपवून घरी बसले होते, कारण खोकला म्हटले की घरावर कोविडचा शिक्का बसायचा. थुंकी तपासणारे तंत्रज्ञ आणि यंत्रेही कोविडकडे वळली होती. निदान न झालेला फुप्फुसाचा क्षयरोगी घरातल्यांना रोग देत राहतो, आणि टाळेबंदीत तर सगळे घर एका खोलीत कोंडलेले. त्या वर्षी जगात क्षयाने झालेले मृत्यू दशकाहून अधिक काळानंतर प्रथमच वाढले. बालकांच्या लसीकरणातही तसेच झाले. भारतात घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या तिसऱ्या मात्रेचे प्रमाण 2019 मधल्या 91 टक्क्यांवरून 2020 मध्ये 85 टक्क्यांवर उतरले. 2022 च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला त्यामागे चुकलेल्या लसींचाही हात होता. पश्चिम आफ्रिकेत 2014 ते 2016 च्या इबोला साथीत सुमारे 11,300 माणसे दगावली. दवाखाने कोलमडल्याने मलेरिया, एड्स आणि क्षयाने जास्तीचे किती मृत्यू झाले याचा एका अभ्यासातला अंदाज सुमारे 10,600 आहे. हा धडा कोविडच्या आधी चार वर्षे उपलब्ध होता.

कोल्हापूरची आणखी एक अडचण नकाशाची आहे. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात असला तरी तिथल्या माणसाला कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. अवघड दुखणे आले की चंदगडकर बेळगाव गाठतो. साथीत कर्नाटकाने सीमेवर तपासणी बसवली आणि 2021 मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटी-पीसीआर अहवाल मागितला. कागलच्या पुढे कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या परत फिरत. निपाणीच्या रुग्णाला कोल्हापूर जवळ, पण तोही त्याच नाक्यावर अडकायचा. केमोथेरपीच्या तारखेला अहवाल जुना झाला म्हणून माघारी फिरावे लागणे हे उपचार नाकारल्यासारखेच आहे. या बाबतीत अधिकारी आणि सेविका यांच्यात दुमत नाही. उपचाराचा कागद दाखवणाऱ्यासाठी सीमा उघडी असली पाहिजे, असे दोघेही म्हणतात.

मग जुलै 2021 मध्ये पूर आला. दुसरी लाट राज्यात इतरत्र ओसरत असताना कोल्हापुरात लागणीचे प्रमाण चढेच होते, आणि त्यातच पंचगंगा पात्राबाहेर पडली. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोक्याची. त्या वेळी पाणी 50 फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, चिखली-आंबेवाडीची माणसे गाव सोडून बाहेर आली. उपसा केंद्रे बुडाल्याने शहराचा नळ काही दिवस बंद पडला. डायलिसिसच्या एका फेरीला शुद्ध केलेले जवळपास 120 लिटर पाणी लागते. नळ बंद म्हणजे यंत्र बंद, किंवा टँकरची वाट पाहणे.

अधिकारी: साथ एकीकडं, पूर एकीकडं. निवारा केंद्रात पॉझिटिव्ह वेगळे, निगेटिव्ह वेगळे, जनावरं वेगळी. एवढं सांभाळता सांभाळता आम्ही मेटाकुटीला आलो.

सेविका: आलात, मी पाहिलंय. पण 2019 ला तसाच पूर आला होता ना? तेव्हाच गरोदर बायकांच्या याद्या केल्या आणि पाणी चढायच्या आधी त्यांना हलवायचं शिकलो. तशीच यादी इन्सुलिनवाल्यांची आणि डायलिसिसवाल्यांची का नसावी? वीज गेली की फ्रिजमधलं इन्सुलिन किती दिवस टिकतं, हे पूरग्रस्ताला कोणी सांगितलेलं नसतं. वापरात असलेली कुपी सावलीत, गार जागी सुमारे महिनाभर चालते. हे ठाऊक नसल्यानं माणसं ती फेकून देतात आणि मग इंजेक्शनाविना राहतात.

जीवनमानाची बाकीची अंगे आरोग्य खात्याच्या कक्षेत थेट येत नाहीत, पण त्यांचा परिणाम शेवटी दवाखान्यातच दिसतो. इचलकरंजीचे माग थांबले तसा विणकरांचा पगार थांबला, आणि पगार थांबला की घरातली पहिली कात्री म्हाताऱ्यांच्या औषधावर लागते. तालमी बंद, रंकाळ्यावरची सकाळची फेरी बंद, अंबाबाईचे दार मार्च ते नोव्हेंबर 2020 बंद. ज्या साठीच्या माणसाचे चालणे, बोलणे आणि देवदर्शन एकाच फेरीत होत होते, त्याचा रक्तदाब, झोप आणि मन तिन्ही एकदम बिघडले. यावर अधिकाऱ्यांचे म्हणणे असे की आधी जीव, मग जगण्याची प्रत. सेविकेचे म्हणणे असे की काही महिन्यांची गोष्ट असेल तर हे ठीक, पण दोन वर्षांच्या साथीत ही दोन्ही वेगळी काढता येत नाहीत.

या वादात अधिकाऱ्यांचे म्हणणे पहिल्या दोन महिन्यांपुरते पूर्ण ग्राह्य आहे. रोग अनोळखी असताना सगळी ताकद एका जागी लावण्याला पर्याय नव्हता, आणि एप्रिल 2021 मधली ऑक्सिजनची धावपळ तर निर्विवादपणे जीव वाचवणारी होती. पण साथ लांबणार हे 2020 च्या उन्हाळ्यातच दिसत होते. त्यानंतरही जिल्ह्याचे एक तरी मोठे सरकारी रुग्णालय इतर आजारांसाठी पूर्ण राखीव न ठेवणे, आणि घरोघर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पिशवीत गोळ्या न देणे, या दोन गोष्टी टाळता येण्याजोग्या होत्या. आशांवर आणखी काम टाकायचे तर त्यांना मोबदलाही हवा. जून 2021 मध्ये राज्यातल्या सुमारे 70,000 आशांनी त्यासाठीच संप केला होता. फुकटच्या श्रमावर उभी केलेली कोणतीही घरपोच सेवा दुसऱ्या लाटेपर्यंत टिकत नाही.

पुढच्या साथीआधी किंवा पुढच्या पुराआधी कुटुंबाने करून ठेवण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत आणि त्यांना खर्चही फार नाही. चालू औषधांची नावे, मात्रा आणि वेळा एका कागदावर लिहून त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये असावा. डायलिसिसच्या रुग्णाने फेरीनंतरचे आपले वजन आणि शेवटचे रक्ताचे अहवाल त्याच कागदाला जोडावेत, म्हणजे नेहमीचे केंद्र बंद असले तरी दुसरीकडे उपचार लगेच सुरू होतात. गोळ्या संपायला पंधरा दिवस उरले की पुढच्या आणाव्यात. आणि गावच्या उपकेंद्रात एकदा जाऊन मधुमेह-रक्तदाबाच्या यादीत घरातल्या आजारी माणसाचे नाव आहे का ते पाहावे. नसेल तर तिथेच उभे राहून ते लिहून घ्यावे.